बागेतले रंग आणि बागेचा मूड: कोकणातल्या घरांसाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जी माणसं खळ्यात म्हणजे घरापुढच्या अंगणात, परसात नाहीतर वाडीच्या कडेला बाग करायला घेतात त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. घाटावरच्या किंवा परदेशातल्या बागांचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत, त्यामुळे जिथे फरक पडतो तिथे तो सांगितलाय.

रंगामुळे बागेचा मूड खरंच बदलतो का?

बदलतो. लाल, केशरी, पिवळा हे रंग जवळ आल्यासारखे वाटतात आणि निळा, जांभळा, करडा मागे सरकल्यासारखे, म्हणून मागच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लाल जास्वंदांची रांग लावली की परसू आहे त्यापेक्षा लहान दिसायला लागतो, आणि तिथेच गर्द हिरवी पानं नि थोडी जांभळी फुलं असली तर तोच परसू लांबवर गेल्यासारखा वाटतो. पण नुसता एक रंग धरून विचार केला तर फसगत होते, कारण रंग कसा दिसणार हे शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं. फ्रान्समध्ये शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात गालिचे आणि पडदे विणायच्या धाग्यांच्या रंगाईचं काम बघायचा. तिथे तक्रार होती की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्याने तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका पडत होता. 1839 साली त्याने हे सगळं नीट मांडलं, की रंगचक्रातले समोरासमोरचे रंग, म्हणजे लाल-हिरवा, केशरी-निळा, पिवळा-जांभळा, शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात. बागेत हे रोज दिसतं, अबोली हिरव्या गर्द पानांपुढे पेटल्यासारखी दिसते आणि तीच अबोली विटकरी भिंतीपुढे लावली की दिसतच नाही.

मग सुरुवात कुठल्या रंगापासून करायची?

जांभ्यापासून, म्हणजे आपल्या तांबड्या चिऱ्याच्या दगडापासून. हे मी प्रत्येकाला सांगते आणि बहुतेकांना ते पटायला वेळ लागतो, कारण बाग म्हटलं की डोक्यात आधी फुलं येतात. पण कोकणात दोन रंग तुम्हाला न विचारता आधीच लागलेले आहेत, चिऱ्याचा आणि मातीचा तांबडा, आणि माड-पोफळी-आंबा-फणसाचा हिरवा. हे दोन समोरासमोरचेच रंग, म्हणजे तुमच्या बागेत जोरदार जोडी आधीपासून उभी आहे. त्यात आणखी गुलाबी, पिवळा, जांभळा, केशरी सगळं घातलं की कुठे बघायचं ते डोळ्याला कळत नाही आणि माणूस तिथे फार वेळ बसत नाही. म्हणून आधी एक दिवस नुसतं बघा, तुमच्या अंगणातून काय काय दिसतंय, गडगा, पाखाडी, विहिरीचा कठडा, कौलं, तुळशीवृंदावनाचा रंग, शेजाऱ्याची पोफळीची बाग, आणि मग ठरवा की तिसरा रंग कुठला. एका बाजूला एकच. माझं मत विचाराल तर कोकणातल्या बागेचा मूड काय लावलं यापेक्षा काय लावायचं टाळलं यावर जास्त ठरतो.

नेटवर इंग्लंडमधल्या बागांचे फोटो बघितलेत, रंगीबेरंगी फुलांचे लांबलचक पट्टे, तसं इथे करता येईल का?

त्यामागचा विचार घ्या, झाडं आणि चित्र घेऊ नका. हा प्रकार ज्यांच्यामुळे एवढा पसरला त्या गर्ट्रूड जेकिल, 1843 ते 1932, आधी चित्रकलाच शिकलेल्या होत्या आणि त्यांची नजर खूप अधू होती, त्यामुळे त्या फुलाकडे बारकाईने बघण्यापेक्षा रंगांच्या मोठ्या ढगांसारखा विचार करायच्या. सरे परगण्यातल्या आपल्या बागेत त्यांनी पट्ट्याची दोन्ही टोकं निळी-पांढरी-फिकट ठेवली आणि मधे हळूहळू पिवळा, केशरी, मग भडक लाल असं चढवत नेलं. चालता चालता मूड चढतो आणि उतरतो. हे तंत्र इथे मस्त चालतं. पण ते हलके गुलाबी नि फिकट निळे रंग तिकडच्या मऊ, तिरप्या उन्हात खुलतात, आपल्याकडे एप्रिलमधे दुपारी बाराचं ऊन डोक्यावर असतं तेव्हा ते रंग धुतल्यासारखे पांढरट दिसतात. त्या उन्हाला टिकतात ते गडद रंग, कर्दळ, जास्वंद, बोगनवेल.

मला विचाराल तर आपण पश्चिमेपेक्षा दक्षिणेकडे बघावं. श्रीलंकेत बेंटोटाजवळ वास्तुरचनाकार जेफ्री बावा यांनी 1948 मधे एक जुना रबराचा मळा घेतला आणि आयुष्यभर त्याची बाग करत राहिले. पाऊस आणि झाडझाडोरा आपल्यासारखाच, आणि त्या बागेचा सगळा जोर हिरव्याच्या छटा, सावली, पाणी आणि लांबवर मोकळ्या जाणाऱ्या नजरेवर आहे, फुलांवर नाही. ब्राझीलचा बागरचनाकार रॉबर्तो बुर्ले मार्क्स याचं तंत्र आणखी सोपं, एकाच जातीची झाडं मोठ्या पट्ट्यात. एका ठिकाणी वीस प्रकारची वीस रोपं लावण्यापेक्षा एकाच प्रकारची वीस लावा, फरक बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल.

शांत वाटेल अशी बाग हवी असेल तर?

हिरवा, पांढरा, थोडासा जांभळा, बस. पण शांतपणा रंगापेक्षा पुनरावृत्तीने जास्त येतो, तेच ते रूप ठराविक अंतराने परत दिसलं की मन स्थिरावतं. पोफळीच्या बागेत गेल्यावर गार आणि निवांत वाटतं ते सावलीमुळे आहेच पण सरळ खोडांच्या रांगांमुळेही आहे. तिथे खाली हळद, सोनटक्का, अळू, नेचे असा एक हिरवा थर ठेवला, एका पोफळीवर मिरवेल चढवला, पाटाचं पाणी वाहतं ठेवलं की काम झालं. सोनटक्क्याला पावसाळ्यात पांढरी फुलं येतात आणि वास असा की वेगळं काही लावायची गरज पडत नाही. वाट थोडी वळती ठेवा म्हणजे सगळं एकदम दिसणार नाही.

आणि उत्साह वाटेल, घर भरल्यासारखं वाटेल अशी?

ती जागा म्हणजे पुढचं खळं, जिथून माणसं येतात. तिथे तांबडा, केशरी, पिवळा बिनधास्त वापरा. अबोली, पिटकुळी, कर्दळ, झेंडू, जास्वंद. तुळशीवृंदावन हा खळ्यातला नजर खेचणारा बिंदू आधीच असतो, त्यामुळे बाकी रंग त्याच्याशी भांडणार नाहीत असे ठेवा, म्हणजे वृंदावन गेरूने रंगवलेलं असेल तर त्याच्या पायाशी पांढरी सदाफुली किंवा पिवळा झेंडू, लाल काही नको. आणि एका खळ्यात नजर खेचणारी वस्तू एकच असू दे, वृंदावन आणि कारंजं आणि सिमेंटचा बगळा असं एकत्र आलं की कशालाच मान राहत नाही.

सकाळी सगळी फुलं देवाला जातात, मग बागेत रंग राहणार कुठून?

हा अगदी आपल्याकडचा प्रश्न आहे आणि फार महत्त्वाचा आहे. सकाळी जास्वंद, तगर, अनंत परडीत जातात, अबोली वळेसरात म्हणजे गजऱ्यात जाते, ते जायलाच हवं. म्हणून दिवसभराचा रंग पानांवर उभा करा. उन्हाच्या जागी क्रोटन, त्याला ऊन मिळालं तरच पिवळा-लाल रंग येतो, सावलीत तो हिरवा पडत जातो. अर्ध्या सावलीत कोलियस, ड्रॅसिना. पावसाळ्यात कॅलेडियम म्हणजे शोभेचं अळू, त्याची पानं थंडीत झडतात, कंद मातीत राहतो, पावसाबरोबर परत येतं, मेलं म्हणून उपटून टाकू नका. शिवाय पालवी विसरू नका. आंब्याची कोवळी पालवी तांबूस-तपकिरी, कोकमाची लालसर, सीताअशोकाची लोंबती तांबूस, नागकेशराची तर लालबुंद. हे रंग फुलांइतकेच देखणे आहेत आणि कोणी खुडून नेत नाही. परडीसाठीची झाडं घराच्या मागच्या दाराजवळ किंवा विहिरीच्या वाटेवर एकत्र लावा म्हणजे ज्या माणसाला भल्या सकाळी फुलं काढायची असतात त्याला सोयीचं पडतं आणि पुढची बाग उघडी पडत नाही.

आम्ही बागेत संध्याकाळीच बसतो, दिवसभर वेळ मिळत नाही. काय लावू?

पांढरं आणि फिकट पिवळं. अंधार पडत जातो तसा डोळ्याला लाल रंग आधी काळवंडलेला दिसतो आणि निळे-हिरवे रंग त्यामानाने उजळ, याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात, 19व्या शतकातल्या चेक शास्त्रज्ञाच्या नावावरून. म्हणून सातच्या सुमारास लाल जास्वंद जवळजवळ दिसेनाशी होते आणि तगर चमकत राहते. इंग्लंडमधे सिसिंगहर्स्टला लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी 1950 च्या सुमारास फक्त पांढऱ्या फुलांची बाग केली, ती संध्याकाळच्या उजेडासाठीच प्रसिद्ध आहे. पण खरं सांगायचं तर पांढऱ्या बागेसाठी कोकणाइतकी समृद्ध जागा कुठेच नाही. मोगरा, जाई, जुई, सायली, कुंदा, अनंत, तगर, पांढरा चाफा, सोनटक्का, प्राजक्त, बकुळ, आणि प्रत्येकाचा वास वेगळा. संध्याकाळी नि रात्री फुलणारी बरीच फुलं पांढरी आणि वासाची असतात कारण ती पतंगांना बोलवायची असतात. रातराणी मात्र खिडकीला लागून लावू नका, जरा लांब, वारा ज्या बाजूने येतो तिकडे. डोकं दुखतं काहींचं.

समुद्राला लागून प्लॉट आहे, तिथे रंगांचं काय करायचं?

इथे थोडं थांबून वाचा, कारण बहुतेक जण हे लक्षातच घेत नाहीत. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी तुम्ही समुद्राकडे बघत बसता तेव्हा सूर्य झाडांच्या मागे असतो, म्हणजे समुद्राच्या बाजूला तुम्ही कितीही महागडी फुलं लावा, ती काळ्या आकृत्यांसारखी दिसणार. त्या बाजूला रंग नाही, आकार महत्त्वाचा. माडाचं वाकडं खोड, उंडीचा गोल पसारा, केवड्याची टोकदार पानं. आणि जिथे वाऱ्याला थोडा आडोसा आहे तिथे पातळ पानांची झाडं, केळ, कर्दळ, कारण मावळतं ऊन त्यांच्या पानांतून आरपार येतं आणि पानं आतून उजळतात. फुलं लावायची ती तुमच्या पाठीमागे, घराच्या बाजूला, पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्या अंगावर पडेल अशी, म्हणजे उठून घराकडे वळलात की सगळी बाग सोनेरी दिसते. ही एक गोष्ट जमली तर अर्धी बाग जमली.

दुसरं म्हणजे क्षितिज हे तुमच्या बागेचं सगळ्यात मोठं चित्र आहे, त्याच्यासमोर भडक रंग ठेवून नजर अडवू नका. दोन माडांच्या मधून समुद्र दिसू द्या, जपानी बागांत लांबच्या डोंगराला असंच बागेत ओढून घेतात. खारा वारा सगळ्यांना सोसत नाही. बोगनवेल, कण्हेर, पांढरा चाफा बरेच टिकतात. पुळणीवर मर्यादवेल असेल तर ती काढू नका, जांभळट-गुलाबी फुलांचा फुकटचा गालिचा आहे आणि वाळूही धरून ठेवते. कण्हेर विषारी असते, लहान मुलं नि गुरं असतील तर आवाराच्या आत नको.

पावसाळ्यात सगळं हिरवंगार होऊन जातं, बाग उदास वाटते. उपाय?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमधे, आभाळ करडं, उजेड कमी. या उजेडात फिकट रंग उलट खुलतात. मे मधे जो फिकट गुलाबी धुऊन निघालेला दिसतो तोच ऑगस्टमधे चमकतो. म्हणून पावसाळ्यासाठी पावसाळी लिली, तेरडा, पांढऱ्या-हिरव्या पानांचं कॅलेडियम, सोनटक्का. तेरडा तर सड्यावरून म्हणजे कातळाच्या माळावरून येतोच, गौरीला तोच लागतो, एका कोपऱ्यात त्याला आपापलं उगवू द्या. आणि गणपतीच्या वर बांधतात ती माटवी बघा जरा रंगाच्या नजरेने, हिरव्या पानांत केशरी कवंडळं, आंब्याचे डहाळे, रानातली फुलं, नारळ-सुपाऱ्यांचे घड. हिरवा भरपूर आणि त्यात थोडेच पण जोरदार रंगाचे ठिपके, पावसाळी बागेचं प्रमाण याहून चांगलं कोणी शिकवणार नाही.

एक मात्र, ओटीवर किंवा पडवीत बसून बाग बघायची असते पावसात, म्हणून हे रंग पडवीपासून दहा-बारा फुटांच्या आत ठेवा. त्यापलीकडे सरीत काही दिसत नाही.

मे महिन्यात बाग अंगावर येते, बघवत नाही.

तेव्हा रंग वर बघायचा, खाली नाही. गुलमोहर, बहावा, आणि तामण, आपलं राज्यफूल, जांभळं. तामणाचा जांभळा रंग त्या पांढऱ्या रखरखीत उन्हात डोळ्याला थंड वाटतो, गुलमोहर बरोबर उलटा, म्हणून गुलमोहर लांब फाटकापाशी आणि तामण घराजवळ. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड ठिसूळ, वादळात फांद्या मोडतात, कौलांजवळ नकोच. खाली सावली, मांडव, ओलसर माती. मे मधे बागेला थंड वाटायला लावायचं असेल तर फुलांवर खर्च करण्यापेक्षा संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडा.

निळा रंग हवाय पण मिळतच नाही!

निळी फुलं कमीच असतात. गोकर्ण हा सगळ्यात खात्रीचा, जांभ्याच्या गडग्यावर चढवा, तांबूस-केशरी दगड आणि निळं फूल ही जोडी अप्रतिम दिसते आणि खर्च जवळजवळ शून्य. नीळचित्रक आहे, निळी कोरांटी आहे, मोठ्या मांडवासाठी थनबर्जियाची वेल आहे. निळा लांबून हरवतो, विशेषतः सावलीत, म्हणून वाटेच्या अगदी कडेला, चालताना हाताशी येईल असा लावा.

बोगनवेल एवढी लावली, पावसात एकही फूल नाही.

पावसात ती पानांवर जाते, तिचा दोष नाही. तिला कोरडेपणा आणि कडक ऊन लागतं. पाऊस ओसरल्यावर छाटा, पाणी कमी करा, थंडीपासून रंग सुरू होतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान आहे, खरं फूल आत बारीकसं पांढरट, म्हणूनच रंग इतके दिवस टिकतो. एका कुंपणावर एकच रंग लावा, पाच रंगांची बोगनवेल शेजारी शेजारी लावायची हौस प्रत्येक नर्सरीवाला भागवतो पण ते रंग एकमेकांत मिसळून गढूळ होतात.

भिंती, फरशी, कुंड्या यांचे रंग?

बाहेरची भिंत पांढरीशुभ्र असली तर एप्रिलमधे डोळे दिपतात आणि ऑगस्टमधे तिच्यावर काळे ओघळ येतात. मातकट पिवळा, गेरू किंवा उघडा चिरा सगळ्यात बरा. चिऱ्यावर पावसात शेवाळ येतं, ते घासून काढू नका, चालायची जागा सोडून, तो हिरवा मखमली थर पैसे देऊन मिळत नाही. गुळगुळीत टाइल्स बाहेर अजिबात नकोत, पावसात घसरून हाड मोडतं. पांढरे खडे पण नकोत, एका पावसात हिरवे होतात. कुंड्या मातीच्या, एकाच रंगाच्या, आकार वेगवेगळे चालतील. लाल-निळ्या-पिवळ्या प्लास्टिकच्या कुंड्या असतील तर झाडाआधी कुंडीच दिसते.

बाल्कनीच आहे फक्त, रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर.

दोनच रंग आणि एक मोठं झाड. छोट्या जागेत सगळं छोटं छोटं ठेवलं की जागा आणखी लहान वाटते, त्यापेक्षा एक उंच कुंडी, तिच्यात अनंत किंवा मोगरा, कठड्याला गोकर्ण. वाऱ्याचा अंदाज घेऊन कुंडी कठड्याला बांधा.

बागेत दिवे कसले लावायचे?

पिवळसर, 2700 ते 3000 केल्विनचे, खाली तोंड केलेले, आणि कमी. पांढऱ्या दिव्यात पानं निळसर, आजारी दिसतात आणि पावसाळ्यात किडे जास्त येतात. झाडाला खालून मारलेला हिरवा दिवा कृपया नको. आणि किनाऱ्यावर राहत असाल तर हे मनापासून सांगते, समुद्राकडे तोंड करून दिवा लावू नका. वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, पिल्लं बाहेर आली की जिकडे उजेड तिकडे जातात, तुमच्या बागेतला दिवा दिसला तर ती समुद्राऐवजी तुमच्याकडे येतात आणि मरतात. कासवांच्या अंडी घालण्याच्या आणि पिल्लं बाहेर येण्याच्या महिन्यांत समुद्राकडचे दिवे बंदच ठेवा.

होमस्टे आहे, पाहुण्यांना फोटो काढायला रंगीत बाग हवी असते.

फोटोसाठी एक कोपरा द्या, फाटकापाशी, तिथे बोगनवेल, कर्दळ, काय हवं ते. बाकी वाडी वाडीच राहू द्या. शहरातून आलेला माणूस पाणंदीतून चालत, पोफळीखालून, सुरंगीच्या वासातून आत येतो ते त्याला लक्षात राहतं. सुरंगी असेल तर तोडू नका कुठल्याही कारणासाठी, मार्च-एप्रिलमधे तिच्या फांद्या फुलांनी लगडतात आणि असं झाड तयार व्हायला एक पिढी जाते.

हे सगळं लावायचं कधी?

झाडं आणि वेली मृगाचा पाऊस स्थिरावला की जूनमधे, पण जुलैच्या धो-धो पावसाआधी मुळं धरतील एवढा वेळ द्या आणि खड्ड्यात पाणी साचत नाही ना ते बघा. बोगनवेल, कण्हेर, क्रोटन सप्टेंबरच्या शेवटी लावली तरी उत्तम. मोसमी फुलं दिवाळीच्या आसपास. आणि एकदम सगळी बाग करू नका, पहिल्या वर्षी फक्त जिथे तुम्ही रोज बसता तो कोपरा करा, एक पाऊस आणि एक मे महिना तो कसा दिसतो ते बघा, मग पुढचा.